साबुदाण्याचे पारपत्र

परकीय संस्कृतीचे आक्रमण हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय असून, त्यावर काळजी करण्यास आषाढी एकादशीसारखा दुसरा दिवस नाही, कारण त्या दिवशी काळजीबरोबर साबुदाण्याची खिचडी मिळते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांनी या दिवसाचे वर्म अचूक ओळखले होते.

सिंगापूरमधील मराठी गृहस्थ या दिवसासाठी लिटल इंडियात, म्हणजे सेरंगून रोडच्या परिसरातील भारतीय बाजारपेठेत, खास ‘आपला’ साबुदाणा आणण्यास जातो. घराखालच्या सुपरमार्केटमध्ये थायलंडहून आलेले तसलेच पांढरे दाणे मिळत असले, तरी ते परके असल्यामुळे उपवासाला चालत नाहीत. साबुदाणा भिजत पडलेला असतानाच चिरंजीव बबल टी घेऊन घरी येतात. हे तैवानात 1980च्या दशकात रूढ झालेले पेय असून, त्याच्या तळाशी काळे, चिवट गोळे असतात. च्युइंग गमच्या विक्रीवर 1992 पासून बंदी असलेल्या देशात याला चघळायला हे बरे सापडले, असे म्हणून वडील आपल्या संस्कृतीवर व्याख्यान देतात. पातेल्यातील शुभ्र दाणे आणि पेल्यातील काळे गोळे ही टॅपिओका, अर्थात कसावा, या एकाच कंदाच्या पिठुळाची सख्खी भावंडे आहेत, हे त्या व्याख्यानात येत नाही.

इतिहास तर याहून खट्याळ आहे. साबुदाण्यातील ‘साबू’ मलय भाषेतील ‘सागू’शी नाते सांगतो, आणि सागू म्हणजे ज्याच्या खोडातून खाण्याजोगे पिठूळ निघते तो ताडवर्गीय वृक्ष. त्या पिठुळाचे दाणे वळणारे कारखाने 1840च्या दशकात सिंगापुरातच होते, म्हणून तेथील चायनाटाउनमध्ये आजही सागो लेन आहे. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले, पूर्वेकडून भारतात येणारा माल आटला आणि 1943च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे टॅपिओकापासून साबुदाणा बनू लागला. त्याच काळात सिंगापूरचे लोक तांदळाअभावी टॅपिओका उकडून दिवस काढत होते. म्हणजे एकाने ज्यावर उपासमार काढली, त्यावरच दुसऱ्याने उपवास साजरा केला. आता भारतातून सिंगापूरला येणारा पुडा म्हणजे माहेरी परतलेली लेकच, फक्त नाव सागूचे आणि अंग कसाव्याचे.

हा कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. खिचडीतील शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हेही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात भारतात आलेले पाहुणे. उलट तूर, उडीद आणि वांगे ही अस्सल भारतीय मंडळी उपवासाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर ताटकळत असतात. वरीच्या तांदळाने देशाची थोडीफार अब्रू राखली आहे, पण खिचडी समोर असताना वरीकडे पाहतो कोण?

तात्पर्य, परकीय खाद्यसंस्कृतीविरुद्ध ठराव जरूर मांडावा. मात्र तो एकादशीला न मांडता द्वादशीला, उपवास सोडून, तुरीचे वरण जेवल्यावर मांडावा.