लीट्रिमचे आप्पा

ज्या कादंबरीत काही घडत नाही, ती आप्पांच्या लेखी थोर. कुणी मेलं तर चालेल, पण सावकाश. भांडण असेल तर दोघांनीही तोंडातून शब्द काढता कामा नये. अशी कादंबरी मराठीत मिळेना म्हणून आप्पा आयर्लंडला गेले. म्हणजे सुरतच्या उधन्यातल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले.

दिवसा ते रिंगरोडच्या कापड मार्केटात एका गादीवर मेहताजी असतात. ताके, पार्सलं, दलाली, उधारी, सगळं तोंडपाठ. रात्री जेवण उरकलं की ते आयरिश कादंबरीकार जॉन मॅकगाहर्नच्या लीट्रिम परगण्यात शिरतात. गल्लीतल्या कारखान्यात रातपाळीचे लूम खटाखट चालू असतात, खालच्या मजल्यावरचा मुलगा डीजेची चाचणी घेत असतो, आणि आप्पा आम्हालाच दटावतात, "जरा हळू बोला, इथे फार शांतता आहे."

त्यांचा ठरलेला श्रोता म्हणजे समोरचे लूमवाले शेठ. एकदा आप्पांनी त्यांना मॅकगाहर्नची 2002 सालची 'दॅट दे मे फेस द रायझिंग सन' समजावली. तळ्याकाठचं गाव. लंडन सोडून तिथे राहायला आलेलं जोडपं. शेजारी येतात, बसतात, बातमी विचारतात, उठून जातात. पॅट्रिक रायन नावाचा एक मिस्त्री शेडचं काम अर्धवट टाकून नाहीसा होतो. वर्ष उलटतं तरी नुसत्या वाशांतून आभाळ दिसत राहतं.

शेठ कळवळले. "पण एने एडवान्स आप्यो ज केम?"

"शेठ, ती शेड पुरी झाली तर कादंबरी बिघडेल."

पावसाळ्याआधी पत्रे चढवून त्याखाली लूम चालू करणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. मग आप्पांनी क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' काढली. 2021 ची, पुढच्या वर्षी बुकरच्या लघुयादीत आलेली. तिचा नायक बिल फर्लाँग कोळशाचा व्यापारी आहे, हे ऐकताच शेठ सावरून बसले. त्यांचं कापड पांडेसराच्या मिलमध्ये रंगायला जातं आणि तिथल्या बॉयलरच्या कोळशाचे भाव त्यांना रोज छळतात. फर्लाँगला मठाच्या कोळशाच्या कोठीत कोंडलेली मुलगी सापडते, इथपर्यंत आप्पा आले आणि गप्प झाले. शेठही गप्प. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग पेमेंट आलं का मठाचं?"

आप्पांची वाचायची रीत पाहण्यासारखी आहे. पुस्तकात कुणी चहाचं आधण ठेवलं की त्या ओळीखाली ते पेन्सिलीने बारीक रेघ मारतात, डोळे मिटतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, "अगं, चहा!"

"त्या गावातला बाप्या स्वतः उठतो ना?" आतून वहिनी. शांत साहित्यातला हा मुद्दा आप्पांना ऐकू येत नाही. वहिनींनीच एकदा सुचवलं होतं, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे नेमाडे वाचा. आप्पा म्हणाले, "थोर आहेत. पण फार बोलतात."

ऑगस्टात उकाई धरणाची पातळी 345 फुटांकडे सरकू लागली की 2006 चा पूर पाहिलेले सुरतकर सामान वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. आप्पा गॅलरीत हात बाहेर काढून म्हणतात, "अगदी आयरिश पाऊस." गाद्यांची वळकटी वहिनी एकट्या वर नेतात.

आप्पांचं स्वतःचं गाव अमळनेर तालुक्यात. ताप्ती लाइनची गाडी पकडली की थेट. पण धाकट्या भावाचा फोन आला, "भाऊ, कापूस भिजी गया," की आप्पांना एकदम मार्केटातली कामं आठवतात. यात दुष्टपणा नाही. लीट्रिमच्या कुठल्याही सातबाऱ्यावर आप्पांचं नाव नाही, त्यामुळे तिथलं पीक भिजलं तर वाईट वाटून भागतं. अमळनेरला वाईट वाटून भागत नाही, पैसे पाठवावे लागतात. गावाची ओढ तर खरी, पण हप्ता नसलेलं गाव हवं, अशी माणसं सुरतेत पुष्कळ आहेत; आप्पांनी ते परदेशात शोधलं, एवढंच.

वहिनींनी हे फार पूर्वी ओळखलंय. परवा आप्पा तळ्याकाठच्या गवतकापणीपर्यंत आले होते. गवत कापून पडलेलं, वर ढग, सगळा गाव धावतोय. वहिनींनी त्यांचा मोबाइल हातात घेतला आणि मॅकगाहर्नला शोभेल अशा आवाजात विचारलं, "अहो, पाऊस आलाय, रानात माल उघडा पडलाय. दहा हजार पाठवू का?"

"पाठव, पाठव!" आप्पा पुस्तकातून ओरडले. "आणि सांग, आधी झाकून घ्या!"

दिराला पैसे पोचले, निरोपही पोचला. आता वहिनी स्वतःच विचारत असतात, पुढच्या पुस्तकात लग्नसराई आहे का.