नाना असते तर

नानांच्या मते आजवर कुणीही प्रसिद्ध माणूस रोगाने किंवा अपघाताने गेलेला नाही. सगळे गेले ते वेळेवर रागावणारं कुणी जवळ नव्हतं म्हणून. “माणूस मोठा झाला की हार घालणारे पन्नास जमतात. पण ‘गाढवा, आधी दोन घास खा आणि झोप’ म्हणणारा एक उरत नाही,” हे त्यांचं निदान. ते सांगताना ते असे बघतात, की आपणही चटकन दोन घास खाऊन झोपावं असं वाटतं.

नाना भुसावळचे. रेल्वेत रुळांच्या देखभालीवर सगळी नोकरी झाली आणि त्यातली बरीच भुसावळ-जळगाव पट्ट्यात. या पट्ट्यात भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथेच 5 मे 1918 रोजी रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली सापडले. वय 27. साऱ्या महाराष्ट्राने यावर हळहळून घेतलं आणि विषय कवितेकडे वळवला. नानांनी तो खात्याकडे वळवला. आपल्या हद्दीत माणूस रुळावर येतो म्हणजे काय! त्या वेळी तिथे जीआयपी रेल्वे होती आणि नानांच्या वडिलांचासुद्धा जन्म झालेला नव्हता, या गोष्टींनी त्यांच्या जबाबदारीत काही फरक पडत नाही.

“मी असतो तर लाल झेंडी दाखवून गाडी तिथंच उभी केली असती.”

“झेंडी नसती तर?” कट्ट्यावर कुणीतरी विचारतंच.

“हिचं लाल लुगडं दाखवलं असतं.”

यावर नानींचं म्हणणं, लुगडं माझं आणि झेंडी मात्र तुमची, हे कुठल्या नियमात बसतं? पण नाना तोवर पुढच्या प्रसंगात पोचलेले असतात. गाडी थांबलेली आहे, ड्रायव्हर शिव्या देतो आहे, आणि नानांनी बालकवींना दंडाला धरून फलाटावर आणलं आहे. खरी मजा इथून पुढे. वाचवणं दोन मिनिटांत उरकतं, रागावणं चांगलं अर्धा तास चालतं. “कविता फलाटावर करायच्या. रुळावर फक्त रूळ बघायचे. समजलं?” बालकवी मान हलवतात. त्यांचं समजणं इतकं पूर्ण असतं, की मला वाटतं नानांना मेलेल्या माणसांचा लळा लागला तो यामुळेच. त्यांचा स्वतःचा मुलगा दर चार वाक्यांनी “बाबा, तुम्हाला नाही कळणार” म्हणतो. केशवसुत असं एकदाही म्हणालेले नाहीत.

केशवसुत 7 नोव्हेंबर 1905 ला हुबळीत प्लेगने गेले, आणि या बाबतीत नाना जवळजवळ बरोबर आहेत. कारण प्लेगची लस 1897 सालीच आपल्या मुंबईत तयार झाली होती. हाफकिन साहेबांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोक सुईला भ्यायचे, सरकारवर विश्वास नव्हता, हे सगळं नानांना ठाऊक आहे. त्यांची तयारीही आहे. एकाने दंड धरायचा, दुसऱ्याने “ते बघा कावळा” म्हणायचं. शाळेत हेच करतात, तर तुतारी फुंकणाऱ्या कवीला का करू नये?

नाना खऱ्या अर्थाने पेटतात ते मात्र गीता बालीवर. ही हसरी, खोडकर नटी 1965 साली देवीच्या रोगाने गेली. देवीची लस जेन्नरने काढली 1796 मध्ये. “169 वर्षं!” नाना कट्ट्यावर हात आपटतात. “169 वर्षं लस तयार आहे, आणि शम्मी कपूरच्या बायकोला देवी?” इथे कट्टा गप्प होतो. मीही होतो. थट्टा करायची ही जागा नाही, हे नानांच्या टवाळांनाही कळतं.

मधुबालापाशी मात्र शास्त्र अडतं. तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. लंडनच्या डॉक्टरांनीही हात टेकले आणि 1969 मध्ये, 36 व्या वर्षी ती गेली. आता छिद्राला रागावून काय उपयोग? पण नाना रिकाम्या हाताने परतणाऱ्यांतले नव्हेत. ते तडक के. आसिफकडे जातात. ‘मुघल-ए-आझम’साठी आजारी मुलीच्या अंगावर खऱ्या वजनी साखळ्या घालतोस? आमच्या गणेश मंडळातला पोरगा पुठ्ठ्याला चांदीचा रंग मारून दीडशे रुपयांत करून देतो!

परदेशी मयतांत त्यांचा जीव जेम्स डीनवर. 30 सप्टेंबर 1955 रोजी हा पोरगा नवी पोर्शे पळवत निघाला. पोलिसांनी वाटेत वेगाबद्दल चलान फाडलं. दोन-अडीच तासांनी अपघात. त्याच्या आठवडाभर आधी ॲलेक गिनेस या बुजुर्ग इंग्रज नटाने गाडी बघून, या गाडीत बसू नकोस, असं बजावलंही होतं.

“म्हणजे रागावणारे दोघं होते की,” मी म्हणालो.

“इंग्रजीत रागावलेलं लागत नाही,” नाना म्हणाले.

डायनाच्या अपघातात गाडीच्या मागच्या सीटवर कुणी पट्टा बांधलेला नव्हता, हे कळल्यापासून नाना शेअर रिक्षातही पट्टा शोधतात. तो न मिळाल्यास शेजाऱ्याचा हात धरतात. अनोळखी शेजारी असला तर प्रवास अवघड होतो, नानांचा नव्हे, शेजाऱ्याचा.

नानांपाशी एक वही आहे. तीत फक्त वयं लिहिलेली आहेत. त्या वहीत एकदा त्यांना असं आढळलं, की थोरले बाजीराव 39 व्या वर्षी गेले, केशवसुत 39, गुरुदत्त 39. त्या दिवशी त्यांचा मुलगा पुण्यात 38 पूर्ण करत होता. पुढचं वर्षभर त्या बिचाऱ्याने जे भोगलं ते पेशव्यांनी निजामाकडूनही भोगलं नसेल. रोज सकाळी फोन. गाडी हळू चालव. रात्री एकटा बसू नकोस. एप्रिल लागताच खिशात कांदा ठेव, कारण बाजीरावांना रावेरखेडीला नर्मदेकाठी एप्रिलच्या अखेरीलाच ताप भरला होता, आणि साऱ्या फौजेत कांदा देणारा खानदेशी माणूस निघाला नाही. मुलगा आयटी कंपनीत, थंडगार हॉलमध्ये. त्याला चाळिसावं लागलं त्या दिवशी नानांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही. लोकांनी नातू झाला असं धरून अभिनंदन केलं. नाना “हो हो” म्हणाले.

त्यांचा सिद्धांत एकदाच हलला. आमच्यातले निवृत्त मास्तर म्हणाले, “नाना, गुरुदत्त गेला त्या रात्री अब्रार अल्वी त्याच्या घरी होते. जिवाभावाचा माणूस. उशिरापर्यंत दोघं बसले होते. मग?”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. दारू, झोपेच्या गोळ्या, मोडलेला संसार, यांपैकी एकालाही दंडाला धरून फलाटावर आणता येत नाही, हे त्यांना दिसत असावं. मग म्हणाले, “मी उठून गेलो नसतो. पत्ते काढले असते. सकाळपर्यंत रमी.” तेवढ्यापुरता आवाजात नेहमीचा मुकादम नव्हता. मास्तरांनी विषय शेवभाजीवर नेला.

म्हातारपणी गेलेल्यांबद्दल नानांना काडीचा उत्साह नाही. साठीनंतरचं प्रकरण ते हातात घेत नाहीत. “झालं की वय” म्हणून फाइल बंद. त्यामुळे 6 फेब्रुवारी 2022 ला लताबाई गेल्या तेव्हा कट्ट्यावर सगळ्यांचे डोळे भरलेले आणि नाना कोरडे होते. 92 वर्षं. नियम म्हणजे नियम.

दोन दिवसांनी ते घरी तावातावाने फेऱ्या मारताना दिसले. जानेवारीत ब्रीच कँडीत नेलं तेव्हा कोविड झालेला होता, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

“म्हणजे कुणीतरी मास्क न लावता घरात गेलं! दारात एक माणूस बसवता येत नव्हता? मी स्टूल टाकून बसलो असतो. आणि त्यांनाही सांगितलं असतं, बाई, महिनाभर कुणाला भेटायचं नाही.”

“लताबाईंना तुम्ही रागावणार?” नानी भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

नाना थबकले. प्रश्न खरोखरच मोठा होता. मग म्हणाले, “त्यांना हळू आवाजात सांगितलं असतं.”

“असा आवाज आहे तुमच्याकडे?” नानींनी मेथीची जुडी खाली ठेवली. “मग चाळीस वर्षं घरात का नाही काढलात?”