चार आकडे दाखवा, मग पैसे घ्या

टायर नवा असणं वेगळं आणि ताजा असणं वेगळं. ऑनलाइन विकणारे पहिली गोष्ट ठसठशीत अक्षरांत सांगतात आणि दुसरी दडवतात. दडवतात हा शब्द मी विचार करूनच वापरतोय.

२०२५ च्या जूनमध्ये मोटरसायकलचा मागचा टायर मी ऑनलाइन मागवला. दुकानापेक्षा चारशे रुपये कमी होते. पार्सल घेऊन चौकातल्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने वरची प्लास्टिकची पट्टी कापली, टायर मांडीवर आडवा घेतला, कडेवरून ओला फडका फिरवला आणि एका जागी अंगठा टेकवून म्हणाला, "काका, हे वाचा."

लंबगोल चौकटीत चार आकडे होते, १८२१. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०२१ सालच्या अठराव्या आठवड्यात, मेच्या सुरुवातीला, साच्यातून बाहेर पडला होता. माझ्या हाती आला तेव्हा चार वर्षांचा झाला होता आणि एक किलोमीटरही धावला नव्हता.

"बसवू का?" त्याने विचारलं. "तुम्ही म्हणाल तर बसवतो. पण एकदा रिमवर चढला की कुणी परत घेणार नाही."

विक्रेत्याला फोन लावला. उत्तर तयारच होतं : "सर, टायर अनयूज्ड आहे, त्याच्यावरचे केस बघा." केस होते, अगदी शाबूत. पण ते केस म्हणजे साच्यातली हवा बाहेर जायला ठेवलेल्या बारीक छिद्रांत शिरलेलं रबर. टायर रस्त्यावर घासला गेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. दहा वर्षं गोदामात पडलेल्या टायरलाही केस असतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला हा पुरावा सर्रास वापरला जातो, म्हणून इतकं लिहिलं.

न वापरलेलं रबर जुनं कसं होतं, ते बघायला स्वयंपाकघरात जा. कुकरची जादा आणून ठेवलेली रिंग चार-पाच वर्षांनी कपाटातून काढा. वापरलेली नसते, तरी ताठ झालेली असते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला आतून-बाहेरून खात राहतात, उष्णता ते काम झपाट्याने करते. टायरच्या रबरात म्हणूनच मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घातलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. पडून असलेल्या टायरला ही मालिश मिळत नाही. त्यातून पत्र्याच्या शेडमधलं गोदाम, विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा, शेजारी वेल्डिंग किंवा इलेक्ट्रिक मोटर चालू असेल तर तिचा ओझोन. असे तीन उन्हाळे काढलेला टायर आणि सावलीत, थंड, कोरड्या जागी उभा ठेवलेला तितक्याच वयाचा टायर सारखे नसतात. आणि तुमचा टायर कुठे ठेवला होता, हे ऑनलाइन कुणीही सांगत नाही. हातात येते ती फक्त तारीख, आणि ती आधी कळायला हवी.

हे मोटरसायकलच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. रबर कडक झालं की पहिल्या पावसात, तेलकट झालेल्या काँक्रीटवर, वळणावर ब्रेक दाबताना ते रस्ता धरत नाही. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी धरत नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे टायरमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या वाहनावर माणूस इतका उघडा असतो, त्याच्या टायरचं वय ही किरकोळ बाब म्हणून सोडता येत नाही.

आता कायदा बघा. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०१८ पासून ऑनलाइन विक्रीसाठी तरतूद आहे : पाकिटावर जी माहिती सक्तीची, तीच वेबसाइटवर दाखवायची, फक्त वस्तू तयार झाल्याचा महिना आणि वर्ष सोडून. सूट का दिली ते समजतं. एका पानावरून वेगवेगळ्या खेपांचा माल जातो, प्रत्येक नगाची तारीख टाकणं किचकट. साबणाला हे चालेल. टायरला चालणार नाही. टायर घेताना नेमकी हीच गोष्ट कळायला हवी, आणि नेमकी हीच वगळलेली आहे. हा नियम टायरपुरता बदलला पाहिजे. निदान "अमुक महिन्यांपेक्षा जुना माल पाठवणार नाही" एवढी ओळ पानावर सक्तीची करायला कुणाची हरकत असू नये.

तोवर आपलं हत्यार आपल्याच हातात आहे. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा : तयार झाल्याचा आठवडा-वर्ष काय? टायरवरच्या त्या चार आकड्यांचा फोटो मागा. उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहीर केल्यापेक्षा वेगळा किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाकारता येत नाही, आणि वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. लेखी शब्द हाती असेल तरच हे नियम कामाला येतात. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून परताव्यासाठी तीन आठवडे भांडावं लागलं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुना माल सरसकट टाकाऊ आहे का? नाही. वर्षभराचा टायर बिनधास्त घ्या. दोन वर्षांचा, नीट ठेवलेला, किंमत उतरवून मिळत असेल तर माझी ना नाही. तीन वर्षं उलटलेला मी घेणार नाही. बसवल्यावर तो चार-पाच वर्षं चालवायचा असतो, आणि पाच वर्षं वापरल्यानंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासावा, दहा वर्षांचा झाला की दिसायला चांगला असला तरी काढावा, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात. गोदामात गेलेली वर्षं त्या दहा वर्षांतून वजा होत नाहीत.

तारखेवर भागलं नाही तर टायर हाताने बघा. दोन्ही अंगठ्यांनी नक्षी फाकवा आणि खाचेच्या तळाशी उजेडात पाहा, केसाएवढ्या भेगा तिथे आधी दिसतात. कडेवरचा तपकिरी थर बघून घाबरू नका, ती वर आलेली संरक्षक रसायनंच असतात. उलट काळाभोर, चकचकीत, हाताला चिकट लागणारा टायर दिसला तर थांबा. पॉलिशखाली भेगा झाकता येतात. पार्सलसाठी दाबून, पिळून बांधलेल्या टायरची रिमवर बसणारी कड वाकली असेल तर तो तसाच परत करा.

मापाचंही भान ठेवा. ऑनलाइन यादी तुमच्या गाडीला "चालेल" म्हणून रुंद टायर सुचवते. गाडीच्या पुस्तकातलं माप घ्या. मापापुढचा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं असतं : ६२ पी म्हणजे २६५ किलो आणि ताशी १५० किलोमीटर. पुस्तकातल्यापेक्षा कमी घेऊ नका. आयएसआय चिन्ह बघा, फिरण्याच्या दिशेचा बाण बघा.

आणि सवलतीचा हिशेब करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे किंमत तशीही आठेक टक्क्यांनी उतरायला हवी. तेवढी सूट दाखवून जुना माल कुणी गळ्यात मारत असेल तर त्याने तुम्हाला काहीच दिलेलं नाही.

माझा टायर शेवटी परत गेला. नाना पेठेतल्या एका दुकानातून तीन महिन्यांपूर्वी तयार झालेला घेतला, दुकानदाराने न विचारता आकडे दाखवले. चारशे रुपये जास्त गेले.

आज गाडी लावताना दोन्ही टायरांच्या कडेवरून ओला फडका फिरवा. आकडे बाहेरच्या बाजूला नसतील तर वाकून आतली बाजू बघा. पहिले नव्हे, शेवटचे दोन आकडे आधी वाचा. तिथे वर्ष लिहिलेलं आहे.