वास्तुपुरुष, बीएस-सिक्स

पुण्याच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी हल्ली एक गृहस्थ हमखास दिसतो. कमरेच्या वरचा भाग पांढऱ्या मालवाहू गाडीत, खालचा बाहेर. कानावर पेन्सिल, हातात टेप, अंगात कंपनीच्या कुठल्याशा सहलीचा टी-शर्ट आणि त्यावर वाळलेला फेविकॉल. वय पंचेचाळीस ते पन्नास. नोकरी बहुधा हिंजवडीत. टू-बीएचकेचे हप्ते फिटलेले, मुलगी शिकायला जर्मनीत, गुडघे अजून शाबूत. येणारा-जाणारा "काय चाललंय?" म्हणून विचारतो, आणि हा तोंडातला स्क्रू न काढता आतूनच सांगतो, "घर बांधतोय."

धडधाकट टू-बीएचके असताना माणसाने टेम्पोत दुसरं घर का बांधावं, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत रीतसर विचारून झाला आहे. उत्तर इतिवृत्तात नाही. 'पार्किंगमध्ये करवत चालवू नये' एवढा ठराव मात्र एकमताने मंजूर आहे.

गाडी निवडण्यातच पहिलं वर्ष जातं. ओम्नी स्वस्त, पण हिंदी सिनेमाने तिच्यातून इतक्या हिरोइनी पळवल्या की घरच्यांनी तिच्यात झोपायला साफ नकार दिलेला; शिवाय मारुतीने ती 2019 सालीच बंद केली. ईको परवडते आणि पार्किंगमध्ये मुकाट बसते. पण तिची रुंदी बाहेरून 1475 मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांनाही कमी. आडवं झोपणं घरात फक्त आईला जमेल. बाकीच्यांनी गाडीच्या लांबीत झोपायचं, तर लांबी सगळी मिळून 3675 मिलिमीटर. त्यातून पुढच्या सीटा वजा केल्या की पलंग तरी उरतो किंवा ओटा तरी. मग नजर टाटा विंगरवर जाते, आणि शेवटी आकुर्डीच्या फोर्स ट्रॅव्हलरवर स्थिरावते. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये ताठ उभं राहून पँट चढवता येते, आणि या मंडळींत श्रीमंती त्यावरच मोजतात. ही गाडी 1987 पासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि तिचं घराणं मर्सिडीजच्या ब्रेमेनच्या व्हॅनचं. त्यामुळे कुरिअरवाल्याने पिळून काढलेली सेकंडहँड गाडी घेऊन आलेला हा माणूस शेजाऱ्यांना "तशी मूळची मर्सिडीजच" असं सांगायला मोकळा होतो. गाडी बीएस-सिक्सच हवी, हा त्याचा आणखी एक हट्ट. लडाखला जाताना दिल्लीने अडवलं तर? लडाख अजून बराच लांब आहे. तूर्त गाडी उंचीमुळे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जात नाही म्हणून पाहुण्यांच्या जागेत उभी आहे, आणि पाहुणे रस्त्यावर.

खरी मजा मिस्त्री आल्यावर सुरू होते. जन्मभर चौकोनी खोल्यांत काम केलेला तो हुशार माणूस गाडीत चढतो, भिंतीला गुण्या लावतो, काढतो, उलटा करून पुन्हा लावतो. गुण्या कुठेच बसत नाही. भिंती वर जाताना आत झुकलेल्या, छत मधोमध फुगलेलं, जमिनीला पन्हळी, आणि चाकांवरचे दोन उंचवटे नेमके कपाटाचे पाय यायचे तिथे. "साहेब, हिच्यात काटकोनच नाही," एवढं बोलून मिस्त्री खाली उतरतो तो पुन्हा फोन उचलत नाही. त्या दिवसापासून मालकच सुतार.

हे सुतारकाम जवळून बघण्यासारखं असतं. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवायचा. शाळेतल्या कंपासचं टोक पत्र्यावरून फिरवायचं, म्हणजे पेन्सिल तेच वळण पुठ्ठ्यावर उमटवते. पुठ्ठा कापायचा, लावून बघायचा, दोन मिलिमीटर फट दिसली की पुन्हा कापायचा. तो चपखल बसला की मग कुठे प्लायला हात. प्लाय मरीनच, आयएस 710 चा शिक्का असलेला. हा शिक्का तो टिंबर मार्केटात चष्मा कपाळावर ढकलून, बोट फिरवून वाचतो. अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते हे कळल्यावर त्याला वजनाचं वेड लागतं. अठराची बारा होते, बाराची काही ठिकाणी नऊ. शनिवारी दुपारी तो भंगाराच्या टेम्पोंमागे रांग लावून वजनकाट्यावर गाडी चढवतो आणि पावती जपून घरी आणतो. त्याच आठवड्यात बायकोला डाएट सुचवल्याचीही एक दंतकथा आहे. तिने त्याला आधी स्वतःचं पोट काट्यावर ठेवायला सांगितलं, असं त्याच दंतकथेत पुढे येतं.

बोहरी आळीत त्याला आता नावाने ओळखतात. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, वळणावर कपाट उघडू नये म्हणून दाबाच्या कड्या. तिथला दुकानदार प्रत्येक वेळी विचारतो, "फ्लॅटचं काम अजून संपलं नाही का हो?" गाडीचं सांगितलं तर तो "मग नाना पेठेत जा" म्हणतो, नाना पेठेत ड्रॉवरचे चॅनेल मागितले तर ते परत बोहरी आळीत धाडतात. वायरिंगचा मुक्काम तापकीर गल्लीत. वीज हा या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात गंभीर विषय आणि ऐकणाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात लांब. त्याने शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतलेली असते. तिच्यात महावितरणच्या भाषेत सव्वा युनिट वीज मावते. त्यावर त्याला इंडक्शन शेगडी चालवायची आहे. अठराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टवर दीडशे अँपिअर ओढते, तिला अंगठ्याएवढ्या जाड तारा लागतात, आणि पाऊण तासाच्या आत सगळी पुंजी खलास. म्हणजे सकाळचा चहा आणि दुपारचा वरण-भात झाला की रात्री अंधारात बसायचं. हे गणित वहीत तीनदा करून झाल्यावर तो पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर आणतो, पण इंडक्शन काढून टाकत नाही. तत्त्व म्हणून ठेवतो.

आणि मग छताला भोक. हवा खेळण्यासाठी छतावर पंखा लागतोच, कारण बंद गाडीत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासावाटे पाव-अर्धा लिटर पाणी सोडतात आणि ते पहाटे पत्र्यावरून ठिबकत कपाळावर परत येतं. या पंख्याचं भोक चौदा इंच बाय चौदा इंच असतं. आतापर्यंतचं सगळं मागे घेता येण्यासारखं होतं, हे नाही. तो दोन रविवार नुसतं माप घेतो. तिसऱ्या रविवारी छतावर चढतो, चिकटपट्टी लावतो, चौकट आखतो. खाली सोसायटी जमते. चौथ्या मजल्यावरचे काका, जे निवृत्तीआधी पाटबंधारे खात्यात होते, वरून ओरडतात, "पाणी शिरणार बघा!" करवत चालते, चौकोन खणकन खाली पडतो आणि क्षणभर सगळे गप्प. त्यानंतर त्याने सीलंटच्या किती नळ्या रिकाम्या केल्या ते बायकोच्या एक्सेलमध्ये आहे. जूनच्या पहिल्या सरीला तो पहाटे चारला टॉर्च घेऊन खाली गेला. गळत नव्हतं. काकांना हे अजून पटलेलं नाही.

हे खूळ आलं कुठून, हे त्याला तोंडपाठ असतं. जर्मनीतल्या वेस्टफालियाने 1951 पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग-कपाटं बसवायला सुरुवात केली. पुढे 2011 साली फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कमधली राल्फ लॉरेनची नोकरी सोडली, 1987 ची फोक्सवॅगन घेतली, त्यात राहू लागला आणि आपल्या फोटोंना 'व्हॅनलाइफ' असं नाव चिकटवून मोकळा झाला. तिथून ही साथ पसरली. याच हंटिंग्टनने पुढे तीनच वर्षांत वॉशिंग्टन राज्यात झाडांवर घरं बांधली आणि तो तिथे राहायला गेला, हा भाग मात्र आपला माणूस सांगताना गाळतो. 'नोमॅडलँड' त्याने पाहिलेला असतो. त्या सिनेमामागच्या जेसिका ब्रुडर यांच्या पुस्तकात जी म्हातारी माणसं भेटतात, ती 2008 च्या मंदीनंतर भाडं परवडेना म्हणून गाडीत राहायला गेली आणि साठी उलटल्यावर गोदामांत हंगामी कामं करत फिरली. तिकडे घर गेलं म्हणून गाडी आली. इकडे घराचे हप्ते फिटले, म्हणून.

घरच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळ्याच मुद्द्यावर असतो. आई काठी टेकत खाली येते, पायरीवर बसते, पाच मिनिटं सगळं न्याहाळते आणि विचारते, "देव कुठे?" याचा विचार झालेला नसतो. देवघर ईशान्येला हवं. गाडी कोथरूडहून चांदणी चौकाकडे निघाली तर ईशान्य एकीकडे, आणि तिथून मुंबई रस्त्याला वळली की ती भलतीकडेच. त्याने फिरत्या पाटाचं एक रेखाचित्र काढलंही होतं. अखेर डॅशबोर्डवरचा गणपती सर्व दिशांना पुरेसा आहे यावर तह झाला. गुरुजींनी तर मुळातच हात घातला: "वाहनपूजा करायची की वास्तुशांत? दक्षिणा वेगळी पडते." त्याने दोन्ही करून घेतल्या.

शौचालयाबद्दल सासुरवाडीत बोलायचं नाही असं ठरलं आहे. वीस लिटरची टाकी असलेलं सुटं प्लास्टिकचं शौचालय पलंगाखाली आहे. परदेशात अशी टाकी रिकामी करायला ठिकठिकाणी सोय असते. आपल्याकडे ती कुठे रिकामी करायची, या प्रश्नावर तो पटकन सोलर पॅनेलचा विषय काढतो.

कायद्याचं प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द वाचून त्याने आपले बदल मोजले आणि वही मिटली. सरळ मार्ग नाही असं नाही. घर असलेल्या गाड्यांसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था तर तो रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिथेच आहे. तिच्या फाटकावरून जाताना तो अलीकडे मान खाली घालतो. त्याने पळवाट शोधली आहे: आतलं सगळं बोल्टवर, सुटं. फर्निचर नव्हे, सामान. छतावरच्या भोकाला ही पळवाट लागू पडत नाही, हे त्यालाही कळतं. हायवेवर हवालदाराने मागचं दार उघडायला लावलं तेव्हाचा संवाद सोसायटीत गाजला.

"माल काय?"

"पलंग, ओटा, कपाटं."

"बिल्टी?"

"नाही."

"पोचवायचं कुठं?"

"कुठंच नाही."

हवालदाराने त्याच्याकडे, मग डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघितलं आणि जायला सांगितलं.

वास्तविक गाडीत राहणं या देशाला नवं नाही. ट्रकचा ड्रायव्हर सीटमागच्या फळीवर झोपतो, धाब्यामागे आंघोळ करतो, टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतो, आणि महिनोन्महिने असाच राहतो. त्याचे फोटो कुणी काढत नाही. मोठ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला 2025 साल उजाडावं लागलं. आपल्या माणसाने पेट्रोल पंपावर एका ड्रायव्हरला हौसेने आपली गाडी दाखवली. त्याने चॅनेलवरचा ड्रॉवर दोनदा उघडून मिटला, "झकास केलंय" म्हणाला आणि विचारलं, "घरी कुणी नाही का?"

पहिली सहल ताम्हिणीला झाली. एक मुक्काम. पाऊस छान होता, पंखा गळला नाही, चहा गॅसवर झाला. बायकोला खरोखरच मजा आली; पहाटे मागचं दार उघडून पांघरुणातूनच धबधबा बघायला मिळाला, असं ती आजही सगळ्यांना सांगते. पण त्याला झोप लागली नव्हती. ओट्याचा कोपरा वळणावर करकरत होता, पाण्याचा कॅन चुकीच्या बाजूला होता, आणि पलंग दोन इंच खाली घेतला तर वर आणखी एक कप्पा बसेल हे त्याला रात्री अडीचला दिसलं. परत आल्यावर सोमवारीच त्याने पलंग उचकटला. तो अजून उचकटलेलाच आहे. अशा गाड्या विकायला निघतात तेव्हा जाहिरातीत 'फारच कमी वापर' असं लिहिलेलं असतं, ते अक्षरशः खरं असतं. विकणाऱ्याला त्याचं दुःखही नसतं, कारण रिकामी, पत्र्याची, मापं घ्यायला तयार अशी दुसरी गाडी त्याने तोवर हेरलेली असते.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कुणी असेल, तर त्याला "मग, कधी निघताय?" असं विचारून छळू नका. प्लाय बाराचा घातला की नवाचा, एवढंच विचारा आणि तासभर हाताशी ठेवा. चहा गाडीतच होईल. साखर मात्र वरून आणावी लागेल.