फॉर्म भरला, श्याम नापास

आमच्या ट्रॉम्बेच्या सोसायटीत मुलांसाठी वाचनालय निघालंय. वाचनालय म्हणजे ऑफिसातलं कपाट. वरच्या खणात पाण्याची बिलं, खालच्या खणात गणपतीच्या मखराचे तुकडे, मधल्या दोन खणांत साहित्य. पुस्तकं जमली तेहतीस, ती तपासायला समिती पाचजणांची. मी रविवारी घरी असतो, एवढीच माझी पात्रता.

सेक्रेटरींनी कुठूनसा फॉर्म छापून आणला होता. मृत्यू आहे का? मारहाण? चोरी? मोठ्यांचा अपमान? शेवट दुःखी? तीन ठिकाणी 'हो' आलं की कादंबरी बाद.

पहिला बळी 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्जची १९३९चं पुलित्झर मिळवलेली कादंबरी, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली. तळमजल्यावरच्या काकूंनी आधी शेवटचं पान उघडलं आणि चटका बसावा तसं पुस्तक खाली ठेवलं. पोराने जीव लावून वाढवलेलं हरणाचं पिल्लू, आणि त्यालाच गोळी घालायची वेळ त्याच्यावर येते. "शी! माझी नात आठवडाभर जेवायची नाही." ही नात रोज संध्याकाळी मोबाईलवर शंभरेक माणसं गोळ्या घालून लोळवते आणि मग वरणभात मागते. मी गप्प बसलो. समितीत नवा होतो.

दुसरी कादंबरी एका उठवलेल्या वस्तीची. "बारा वर्षांच्या मुलांना जड जाईल हो." चीता कॅम्प आमच्यापासून रिक्षाने पाच मिनिटं. १९७६ साली, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडली आणि हजारो माणसं तिथे नेऊन टाकली. तिथली एक मुलगी आमच्याच जिन्यात ट्यूशनला येते. तिची आजी तिला ही गोष्ट झोपताना सांगते. तिला जड जातात ते अपूर्णांक.

मग एक गुणी कादंबरी आली. ससा, आजोबा, शेवटी सगळे मिळून झाड लावतात. एकाही चौकटीत 'हो' नाही, एकमताने पास. चौथ्या पानावर मला डुलकी लागली, पण फॉर्मात 'कंटाळा' ही चौकटच नव्हती. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला गुंडांच्या मागे सायकलवरून पिटाळलं, तेव्हा असा फॉर्म नव्हता हे त्याचं नशीब. नाहीतर बन्या फेणे फुरसुंगीतच झाडाला पाणी घालत बसला असता.

शेवटी 'श्यामची आई'. "हे तपासायचं नाही, थेट कपाटात," खजिनदार म्हणाले. मी म्हटलं, नियम तो नियम. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं असलं म्हणून काय झालं? चोरी? श्याम पुस्तकापायी पैसे चोरतो. हो. मारहाण? पोहायला घाबरतो म्हणून आईच झोडपून काढते. हो. मोठ्यांचा अपमान? सावकाराचा माणूस दारात येऊन आईवडिलांना नको नको ते बोलतो. हो. मृत्यू? धाकटा भाऊ जातो, मग आई. शेवट दुःखी? आता यापुढे काय विचारता?

पाचपैकी पाच. ऑफिसात फक्त पंख्याचा आवाज.

"तसं नाही हो, ते संस्कार आहेत," खजिनदार म्हणाले.

"वाचलंय तुम्ही?"

"अत्र्यांचा पिक्चर पाहिलाय. टीव्हीवर. अर्धा."

माझं मत मी तेव्हा सांगितलं नाही, इथे सांगतो. मुलांना काय झेपेल याची काळजी करणारी माणसं बहुधा स्वतःला काय झेपत नाही ते सांगत असतात. नातीला रडताना बघणं काकूंना झेपत नाही. ते माया म्हणून ठीक आहे, पण त्याला 'वयोगट' म्हणू नये. मुलांच्या कादंबरीत मी एकच गोष्ट बघतो : लेखक पोराच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतोय, की गालगुच्चा घेत? गालगुच्चा पोरांना दुसऱ्या पानावर कळतो. समितीला तो वार्षिक सभेपर्यंत कळत नाही.

'श्यामची आई' अर्थात कपाटात गेली, फॉर्म फाडला. 'पाडस' मात्र बैठक संपताना टेबलावर नव्हतं. काकूंची नात चावी मागायला म्हणून दोनदा आत येऊन गेली होती.

पुढच्या रविवारी पुस्तक गुपचूप जागेवर आलं. मी उघडून पाहिलं. शेवटच्या पानावर वरणाचा पिवळा डाग होता.