मिलीवॅट नको, रंग बघा

लेझर पॉइंटर विकणारे दोनच गोष्टी सांगतात: किती ताकदीचा आणि किती लांब जाणारा. रंगाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'आवडेल तो घ्या'. हा सल्ला साफ चुकीचा आहे. खिशात पैसे कमी असतील तर पहिला प्रश्न रंगाचाच, आणि लेझरचा रंग म्हणजे त्याच्या तरंगलांबीचा नॅनोमीटरमधला आकडा.

भरपूर उजेडाला सरावलेल्या डोळ्याला 555 नॅनोमीटरचा पिवळट हिरवा सर्वांत जास्त जाणवतो. त्याला 100 गुण दिले तर 532 च्या हिरव्याला 88, 520 च्या हिरव्याला 71, 635 च्या लालला 22 आणि बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या 650 च्या लालला 11. 450 च्या निळ्याला जेमतेम 4. 405 च्या जांभळ्याला एकही पुरा नाही. 5 मिलीवॅटचा हिरवा आणि तेवढ्याच शक्तीचा 650 चा लाल एकाच भिंतीवर टाका. मोजमापात हिरवा ठिपका आठपट उजळ. लालमध्येसुद्धा 635 चा घेतलात तर दुप्पट उजेड मिळतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

शक्ती वाढवून ही कसर भरून काढणं महागात पडतं. शक्ती चौपट केली तरी डोळ्याला ठिपका फार तर दुप्पट उजळ वाटतो. इजा मात्र पूर्ण चौपट शक्तीच्या हिशोबानं होते. म्हणून 'जास्त मिलीवॅट' विकणाऱ्याचा मला राग येतो. तो पैसे घेतो दिसण्याचे आणि हातात ठेवतो धोका.

निळ्या-जांभळ्याच्या बाबतीत तर हे फारच वाईट. हे रंग डोळ्याला मंद दिसतात, म्हणून विक्रेते शक्ती शेकडो, हजारो मिलीवॅटपर्यंत नेतात. काडी पेटवून दाखवतात, फुगा फोडून दाखवतात. जो झोत काडी पेटवतो तो डोळ्यात शिरला तर पापणी मिटायच्या आत दृष्टिपटल जाळतो, आणि जळलेला पडदा पुन्हा उगवत नाही. जांभळ्याला लोक निरुपद्रवी समजतात, कारण तो फिका दिसतो. दृष्टिपटल उजळपणा मोजत नाही, ऊर्जा सोसतं. छंदासाठी निळा-जांभळा घेऊच नका.

आता हिरव्याची गोम. 532 चा हिरवा थेट तयार होत नाही. आत 808 नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो एका स्फटिकातून 1064 चा अवरक्त प्रकाश काढतो आणि दुसरा स्फटिक त्याचा 532 करतो. उरलेलं अवरक्त अडवायला गाळणी लागते. पैसे वाचवायला गाळली जाते ती नेमकी हीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं, निस्टनं, 2010 मध्ये असा एक स्वस्त पॉइंटर तपासला. हिरवं थोडं आणि न दिसणारं अवरक्त त्याच्या कितीतरी पट बाहेर पडत होतं. पुढे 2013 मध्ये त्यांनी 122 पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ 90 टक्के आणि लालपैकी 44 टक्के सुरक्षेच्या नियमात बसले नाहीत. तेव्हा वेष्टनावरच्या '5 मिलीवॅटपेक्षा कमी' या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं मत 520 च्या बाजूनं. त्यात डायोडच हिरवा प्रकाश देतो. स्फटिक नाहीत, अवरक्ताची गळती नाही. 532 चे साधे पॉइंटर थंडीत मंदावतात, आणि आकाशदर्शनासाठी आपल्याकडे आकाश सर्वांत स्वच्छ असतं ते हिवाळ्यातच. 520 ला हा त्रास कमी. गुण थोडे कमी, किंमत थोडी जास्त, तरी हाच घ्यावा. ज्याला फक्त वर्गातल्या भिंतीवर बोट दाखवायचं आहे त्याला 635 चा, 1 मिलीवॅटच्या आतला लाल पुरे. (टीव्हीच्या काळ्या पडद्यावर कुठलाच ठिपका नीट दिसत नाही, तिथे पैसे घालवू नका.)

आकाशदर्शनात हिरव्याला पर्याय नाही. हवेतल्या रेणूंवर आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो. 650 च्या तुलनेत 532 दुपटीहून अधिक. डोळ्याची निदान आठपट त्यात मिळवली की कळतं, लालचा झोत वर का दिसत नाही आणि हिरवा थेट ध्रुवताऱ्यापर्यंत टेकल्यासारखा का वाटतो. पुण्यातली 1944 ची ज्योतिर्विद्या परिसंस्था असो की वांगणीला रात्र जागवणारं मुंबईचं खगोल मंडळ, अशा संस्थांचा वारसा असलेल्या राज्यात हे साधन नीट वापरलं जावं असं मला मनापासून वाटतं. गटात पॉइंटर एकाच्याच हाती असावा. तो माणसांच्या डोक्यांच्या बराच वर धरावा. विमानाचा लुकलुकता दिवा दिसला की बटण सोडावं. वैमानिकाच्या काचेवर पोहोचेपर्यंत हा ठिपका पसरून सगळी काच उजळतो. गणेशोत्सवातल्या लेझर झोतांवर 2024 मध्ये पुणे पोलिसांना बंदी घालावी लागली, ती लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर. हातातल्या पॉइंटरवर तशी वेळ आणू नका. खरेदीला जाल तेव्हा विक्रेत्याला आधी नॅनोमीटर विचारा; ते सांगता येत नसतील तर दुसरं दुकान गाठा.