कंपनी गेली, हप्ते राहिले

जगातली सर्वांत पर्यावरणस्नेही गाडी बनवण्याचा चंग फिस्कर कंपनीने बांधला होता. तिच्या ‘ओशन’ या गाडीच्या अंतर्भागात समुद्रातून काढलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचं प्लॅस्टिक वापरलं होतं. जून २०२४ मध्ये कंपनीनेच दिवाळं काढलं. संस्थापक हेन्रिक फिस्कर यांनी आधी काढलेली कंपनीही २०१३ मध्ये बुडाली होती, त्यामुळे अनुभव नव्हता असं कोणी म्हणू नये!

उरलेल्या तीन हजारांवर गाड्या न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन लीज’ने टॅक्सीसाठी उचलल्या, सरासरी १४ हजार डॉलरच्या आसपास. सौदा स्वस्तात पटला. मग उमगलं की गाड्यांचा डेटा फिस्करच्या जुन्या क्लाउडवर आहे आणि तो नव्या सर्व्हरवर हलवणं अवघड आहे. बैल दारात आणला, पण त्याची वेसण कुलूपबंद वाड्यात राहिली.

आधीच्या गिऱ्हाइकांनी शेवटी स्वतःची संघटना काढली. सुटे भाग शोधा, किल्ल्या मिळवा, सॉफ्टवेअर उकला: कंपनीची सगळी कामं आता तेच करतात, बिनपगारी. गाडीत एक बटण दाबलं की सगळ्या काचा एकदम खाली जातात, ही तिची मोठी शान. ती मिरवावी, एवढ्यात गाडीच्या कर्जाचा हप्ता भरायची तारीख येते. बँक काही बुडालेली नाही.